पाणलोट क्षेत्र राखण्यासाठी लोक आणि शासकीय यंत्रणा यांना एकत्र कसे आणावे

पाणलोट क्षेत्राची, म्हणजे ज्या भागातील पावसाचे पाणी एकाच ओढ्याला किंवा नदीला मिळते त्या भागाची, हद्द जमिनीचा उतार ठरवतो, प्रशासन नव्हे. म्हणून पहिले काम बैठक बोलावण्याचे नसून, समोच्च रेषांच्या (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांच्या) नकाशावर जलविभाजक रेषा (जिच्या दोन्ही बाजूंना पाणी वेगवेगळ्या दिशांना वाहते ती) आखून त्या हद्दीत कोणत्या वस्त्या आणि कोणती खाती येतात याची यादी करण्याचे आहे. त्यानंतर रहिवासी आणि वन, मृदसंधारण व पाणीपुरवठा खात्यांचे अधिकारी यांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत एकत्र फेरी मारावी. कार्यालयात रेंगाळणारा वाद ओघळीच्या काठावर बरेचदा लवकर मिटतो, कारण माती कोठून वाहून जाते हे तेथे सर्वांनाच दिसते. या फेरीत गुराखी आणि पाणी भरणाऱ्या स्त्रिया अवश्य असाव्यात. झरा कधी आटतो हे त्यांना नेमके ठाऊक असते.

मग लेखी करार करावा. कोणते काम कोण करणार, खर्च कोणाचा आणि (हे हमखास विसरले जाते) बंधाऱ्यातील गाळ पुढे कोण काढणार, हे त्यात स्पष्ट असावे. वरच्यांनी चराई थांबवायची आणि लाभ मात्र खालच्यांनी घ्यायचा, अशी व्यवस्था टिकत नाही. वरच्यांच्या जनावरांच्या चाऱ्याची सोय आधी करावी. कामे माथ्यापासूनच सुरू करावीत, अन्यथा खालचे बंधारे लवकर गाळाने भरतात. पावसाळ्यापूर्वी व नंतर विहिरींची पातळी मोजून ती सर्वांना दिसेल अशा फलकावर लिहावी.