दान आलेला फोटो कपाटात ठेवण्याआधी

गिरणगावातल्या घरांमधून १९८२ च्या संपाचे फोटो, पगाराच्या चिठ्ठ्या, गिरणीचे बिल्ले अजून निघतात. अशी वस्तू छोट्या संग्रहालयात आली की देणारा समोर बसलेला असतानाच लिहून घ्या: डावीकडून कोण कोण, कुठलं खातं, कुठला नाका, फोटो कुणी काढला. नुसता ‘जुना फोटो’ असा शेरा दहा वर्षांनी कुणाच्याच कामाचा नसतो. दानपत्राच्या दोन प्रतींवर सह्या घ्या. वस्तू कायमची दिली की तात्पुरती, हे त्यात स्पष्ट हवं; पुढे वारसांशी वाद होतो तो यावरूनच.

क्रमांक २०२५.७.३ असा द्या: साल, त्या वर्षातलं सातवं दान, त्यातली तिसरी वस्तू. फोटोच्या पाठीवर, अगदी कडेला, २बी पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. पाठ प्लास्टिकसारखी गुळगुळीत असेल तर पेन्सिल उठत नाही, मग क्रमांक कागदी पाकिटावर लिहून फोटो त्यात घाला. सेलोटेप आणि लॅमिनेशन अजिबात नको. टेपचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो, आणि लॅमिनेशन केलेला फोटो पुन्हा सुखरूप सोडवता येत नाही.

पितळी बिल्ला पॉलिशने घासू नका. कोरलेला नंबर झिजतो, आणि कामगाराची ओळख त्याच नंबरात असते.