स्टिअरिंग उजवीकडून डावीकडे नेताना या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा आणि वाळूज भागांत लेथ, मिलिंग, लेझर कटिंग ही कामे हाकेच्या अंतरावर होत असल्यामुळे, परदेशी स्थायिक झालेल्या मुलाकडे घरची जुनी स्पोर्ट्स कार पाठवण्यापूर्वी तिचे स्टिअरिंग डावीकडे करून द्या, अशी विनंती घेऊन येणाऱ्याला आमच्याकडचा कारागीर सहसा नाही म्हणत नाही. केबिनची मांडणी उलटी करता येते, इंजिन मात्र आपल्या जागेवरच राहते. बहुतेक चुका याच गोष्टीच्या विसरातून होतात.

सर्वांत धोकादायक चूक स्टिअरिंग रॅकची, म्हणजे डावी-उजवीकडे सरकून चाके वळवणाऱ्या दातेरी दांड्याची आहे. उजव्या बाजूचा रॅक पालथा करून बसवला की पिनियन (स्टिअरिंगने फिरणारे, रॅकला सरकवणारे छोटे दातेरी चाक) डावीकडे येतो आणि काम स्वस्तात झाल्यासारखे वाटते. पण पूर्वी रॅकच्या दांड्याच्या वर असलेला पिनियन आता खाली आलेला असतो, त्यामुळे स्टिअरिंग डावीकडे फिरवले की चाके उजवीकडे वळतात. आमच्या गॅरेजमध्ये एकदा हे घडले होते. पुढची चाके स्टँडवर उचललेली असतानाच ते लक्षात आले, म्हणून अनर्थ टळला. तेव्हापासून गाडी जमिनीवर उतरवण्यापूर्वी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही. १९६२ ते १९८० या काळात बनलेली एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार कारखान्यातूनच दोन्ही प्रकारांत निघत असे आणि तिच्यातील बहुतांश गाड्या अमेरिकेत गेल्या. अशा गाडीसाठी डाव्या बाजूचा मूळ रॅक मिळवणे हाच योग्य मार्ग आहे.

रॅक योग्य असला तरी त्याची उंची आणि मध्य काटेकोरपणे मोजावा लागतो. रॅकला चाकाशी जोडणाऱ्या टाय रॉडचे आतले सांधे सस्पेन्शनच्या आर्मशी जुळत नसतील, तर खड्ड्यातून चाक वर उचलले जाताच ते आपोआप वळते आणि स्टिअरिंग स्थिर असूनही गाडी बाजूला ओढली जाते. ही खात्री करण्यासाठी स्प्रिंग काढून, चाक जॅकने थोडे थोडे वर-खाली करत प्रत्येक टप्प्यावर टो, म्हणजे चाक आत किंवा बाहेर किती वळले आहे ते, मोजावे. या कामात अर्धा दिवस जातो, पण तो वाचवू नये.

एमजीबीच्या इंजिनचे कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारा तापलेला भाग) दोन्ही डावीकडे असल्याने स्टिअरिंगचा नवा शाफ्ट नेमका त्या उष्णतेजवळून जातो. आपल्याकडच्या मे महिन्यात तापमान बेचाळीस अंशांवर जाते, तेव्हा मॅनिफोल्डजवळच्या सांध्यातील ग्रीस आणि रबर टिकणार नाही. मध्ये उष्णतारोधक पत्रा हवाच. शाफ्ट लहान पडला म्हणून दोन तुकडे वेल्डिंगने जोडणे तर मी कोणालाही करू देणार नाही. दोन युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्ट कोनात वळवणारे सांधे) वापरताना त्यांचे कोन सारखे आणि योक, म्हणजे त्यांचे दुबेळके, एका रेषेत असावेत, अन्यथा स्टिअरिंग एका फेरीत कधी जड, कधी हलके लागते.

ब्रेकच्या तेलावर दाब देणारा मास्टर सिलिंडर जुन्याच जागी ठेवून पेडल आडव्या दांड्याने जोडण्याचा मोह होतो. दांडा पिळला गेला की ब्रेक मऊ लागतात, म्हणून सिलिंडर पेडलसमोरच बसवून नळ्या नव्याने टाकाव्यात. साधी तांब्याची नळी कंपनांनी कडक होऊन तडकते. स्टील किंवा तांबे-निकेल मिश्रधातूची नळी वापरून टोकांना योग्य प्रकारचा फ्लेअर (गळती रोखणारा पसरट काठ) करावा.

एअरबॅग असलेल्या आधुनिक गाडीचा हा बदल गॅरेजमध्ये करूच नये. डॅशबोर्डमागील आडवा सांगाडा, स्टिअरिंग कॉलम आणि एअरबॅग यांची रचना एकत्रित चाचणी करूनच ठरवलेली असते.

कागदपत्रांची चौकशी शेवटी करणे हीदेखील चूकच आहे. गाडीतील असे बदल मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ च्या कक्षेत येतात, म्हणून आधीच आरटीओकडे लेखी विचारणा करावी. कलम १२० प्रमाणे डावीकडे स्टिअरिंग असलेली गाडी ठरावीक नमुन्याचे चालू संकेतसाधन असल्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. त्यामुळे दौलताबादपर्यंत एक फेरी मारून पाहण्याऐवजी चाचणी बंदिस्त आवारातच करावी.

वायपरची फिरण्याची दिशाही उलटवावी, नाहीतर चालकासमोरचीच काच अस्वच्छ राहते. डाव्या वाहतुकीसाठी बनवलेल्या हेडलॅम्पचा लो बीम डावीकडे वर उचललेला असतो, म्हणून उजवीकडून वाहतूक चालणाऱ्या देशात तो समोरच्याच्या डोळ्यांवर येतो. काचेवर पट्टी चिकटवणे हा तात्पुरता उपाय असून दिवे बदलावेच लागतात. मागे एकच फॉग लॅम्प असेल, तर तिकडे तो डाव्या बाजूला हलवावा.