वेब कंपोनंट बंडल करताना लिट आत की बाहेर?

समजा, कळमना बाजारातले संत्र्याचे भाव दाखवणारं कार्ड तुम्ही लिटमध्ये (वेब कंपोनंट, म्हणजे स्वतःचे एचटीएमएल टॅग, बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) बनवलं आणि ते नागपुरातल्या दोन-तीन साइटवर बसवायचं आहे. वीट (Vite) या कोडच्या फाइली एकत्र बांधणाऱ्या टूलच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'बिल्ड.लिब' (लायब्ररी मोड) खाली एंट्री, म्हणजे सुरुवातीची फाइल, द्या आणि फॉरमॅट फक्त 'ईएस' (जावास्क्रिप्ट मॉड्यूल) ठेवा.

खरा निर्णय 'एक्स्टर्नल'चा, म्हणजे लिट बंडलच्या बाहेर ठेवायचं का, याचा. कार्ड एनपीएममधून (जावास्क्रिप्ट पॅकेजचं भांडार) दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये जाणार असेल, तर लिट एक्स्टर्नल करा. नाहीतर प्रत्येक पॅकेजसोबत त्याची वेगळी प्रत जाते. पण तीच फाइल साध्या पानावर स्क्रिप्ट टॅगने लावली, तर ब्राउझरला नुसत्या 'लिट' या नावावरून फाइल सापडत नाही आणि कार्ड दिसतच नाही. तिथे लिट आतच बांधा, टॅगला टाइप 'मॉड्यूल' द्या. दोन्ही गरजा असतील तर सरळ दोन बिल्ड काढा, एकातच भागवू नका.

लायब्ररी मोडमध्ये वीट 'प्रोसेस.ईएनव्ही'च्या (नोडमधल्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच्या) जागी खरी किंमत घालत नाही. एखादं पॅकेज ते वापरत असेल, तर ब्राउझरमध्ये 'प्रोसेस' सापडत नाही अशी एरर येते. वीटच्या कॉन्फिगमधल्या 'डिफाइन'मध्ये 'प्रोसेस.ईएनव्ही.नोड_ईएनव्ही'ची किंमत 'प्रॉडक्शन' द्या.

सगळ्यात फसवी चूक पॅकेज-जेसनमधली: 'साइडइफेक्ट्स' फॉल्स, म्हणजे फाइल नुसती इम्पोर्ट केल्याने काही घडत नाही असं बंडलरला सांगणं. पण कार्डच्या टॅगची ब्राउझरकडे नोंदणी हाच तर साइड इफेक्ट. त्यामुळे डेव्हलपमेंटमध्ये कार्ड नीट दिसतं, प्रॉडक्शन बिल्डमध्ये मात्र बंडलर ती फाइलच गाळून टाकतो. नोंदणीच्या फाइलींची नावं तिथे यादीत द्या. एकच टॅग दुसऱ्यांदा नोंदवला तरी एरर येते, म्हणून आधी 'कस्टमएलिमेंट्स.गेट'ने तपासून घ्या.