फ्रीज सतत चालतोय? गॅस भरायच्या आधी हे बघा

सोलापुरात एप्रिल लागला की घरोघरी एकच तक्रार, "फ्रीज बंदच होईना ओ, गॅस संपला वाटतं." गॅस काय पेट्रोल नाही जळून संपायला. बंद नळीतनं तोच तोच फिरत असतो, कमी झालाच तर कुठंतरी लीक आहे, आणि लीक न शोधता नुसता गॅस भरून देणाऱ्याला पैसे देऊ नका, तो गॅस परत जाणारच.

आधी फ्रीज भिंतीपासून थोडा पुढं घ्या, मागची धूळ झाडा. दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावा, नोट अलगद निसटली तर तिथनं गार हवा जातेय.

आता सायकल मोजायची, म्हणजे कॉम्प्रेसर (गॅस फिरवणारा पंप) किती वेळ चालतो नि किती वेळ थांबतो ते, आणि सगळे फसतात ते इथंच. दुपारी मोजू नका. पोरं दर पाच मिनिटाला पाण्याची बाटली काढणार, कुणीतरी अख्खं कलिंगड आत कोंबणार, मग कॉम्प्रेसर थांबेल कसा? रात्री जेवणं आवरली, दार दोन तास उघडलं नाही, की मग घूं सुरू कधी झालं, बंद कधी झालं ते लिहा. साध्या कॉम्प्रेसरचा फ्रीज थंडीत साधारण निम्मा वेळ चालतो, पण मे महिन्यात बाहेर ४२-४३ डिग्री आणि स्वयंपाकघर रात्रीसुद्धा तापलेलं, तेव्हा पाऊण तास चालून दहा मिनिटं थांबला तरी मी त्याला नॉर्मलच म्हणेन. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा) असेल तर मोजायच्या भानगडीतच पडू नका, तो बारीक आवाजात तासन् तास चालायलाच बनवलाय.

फ्रॉस्ट फ्री, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणारा फ्रीज असलेल्यांनी अजून एक ध्यानात ठेवा. काही तासांनी त्याचं डीफ्रॉस्ट लागतं, कॉम्प्रेसर वीस-तीस मिनिटं गप्प, आतला हीटर बर्फ वितळवतो आणि गरम तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं चर्र होतं. लोक घाबरून प्लग काढतात! काढू नका. त्यानंतर तो जास्त वेळ चालणार, ती वेळ हिशोबात धरू नका.

खरा निकाल थर्मामीटर देतो. मधल्या कप्प्यात पाण्याच्या ग्लासात तो रात्रभर ठेवा, सकाळी ३ ते ५ डिग्री दिसलं तर फ्रीज कितीही चालू दे, उन्हाळा आहे. सतत चालतोय आणि पाणीही गार नाही, शिंगल डोअरला बर्फ फक्त एका कोपऱ्यात धरतोय, तेव्हा लीकचा संशय घ्या.

बुडबुड म्हणजे गॅस फिरतोय, रात्रीचं कडकड म्हणजे प्लास्टिक आकसतंय, बाजूचे पत्रे गरम म्हणजे कंडेन्सरच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या) नळ्या तिथं आहेत. सोडून द्या.

सोडायचा नाही तो एकच आवाज. टक, थोडं घूं, परत टक, आणि दर दोन-चार मिनिटांनी तेच, कॉम्प्रेसर काही सुरू होत नाही. प्लग काढा. संध्याकाळी गल्लीतले सगळे कूलर लागले की व्होल्टेज पडतं, तेव्हा हे होतं, नाहीतर रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा भाग) किंवा ओव्हरलोड (ताण वाढला की तो बंद करणारा भाग) गेलेला असतो, फारच वाईट तर कॉम्प्रेसर जाम. लाईट जाऊन लगेच आली तरी असंच होतं, कारण नळीतलं प्रेशर सारखं व्हायला वेळ लागतो, म्हणून पाच मिनिटं थांबूनच बटण दाबा. थांबूनही टक-टक चालूच असेल तर मेकॅनिकला "फ्रीज आवाज करतोय" एवढंच सांगू नका, किती वेळानं टक होतं ते सांगा, म्हणजे तो रिले पिशवीत घालूनच येईल.