रेडिएशनचं टेन्शन सोडा, आधी मान आणि अंगठा बघा

मोबाईलने ब्रेन कॅन्सर होतो का, हा प्रश्न फॅमिली ग्रुपवर अधूनमधून येतोच, तर ते आधी उरकून टाकू. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने मोबाईलच्या लहरी २बी म्हणजे 'कदाचित'वाल्या गटात टाकल्या, कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कपण त्याच गटात आहे बरं का, आणि २०२४ मध्ये याच संघटनेने करून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मेंदूच्या कॅन्सरशी संबंध सापडला नाही. तरी धाकधूक असेल तर *#०७# डायल करा, सार व्हॅल्यू (SAR, म्हणजे फोनच्या लहरींची किती ऊर्जा शरीरात शोषली जाते तो आकडा) दिसते, आपल्याकडे मर्यादा १.६ वॅट प्रति किलो. आणि घाटात वगैरे रेंजची एकच काडी असताना कानाला लावून तासभर गप्पा नकोत, कारण तेव्हाच फोन जास्त पॉवर फेकतो. स्पीकरवर बोला.

आता खरा त्रास. डोकं साधारण पाच किलोचं, पण मान पार खाली घातली की मणक्यावर २७ किलोपर्यंत भार येतो असा एक हिशोब आहे, आकडा थोडा इकडेतिकडे धरा पण मान दुखते ती दुखतेच. म्हणून मान खाली नाही, फोन वर. एक हात पोटाशी आडवा घ्या, दुसऱ्याचं कोपर त्यावर टेकवा, फोन आपोआप तोंडासमोर येतो. लोकलमध्ये जरा येडं दिसतं, दिसू दे.

अंगठ्याची टेस्ट घरीच होते: अंगठा आत घेऊन मूठ वळा आणि मनगट हळूच करंगळीकडे वाकवा. अंगठ्याच्या मुळाशी जोरात कळ आली तर एका हाताने टायपिंग बंद, दोन्ही हात वापरा नाहीतर सरळ व्हॉइस टायपिंग करा, मराठी बऱ्यापैकी कळतं त्याला.

डोळ्यांसाठी दर २० मिनिटांनी २० फूट लांब २० सेकंद बघा, आणि मुद्दाम पापण्या मिटा कारण स्क्रीनवर आपण त्या मिटायचंच विसरतो. इअरफोनचा आवाज ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास चालतात, ९० ला फक्त ४.

झोपेसाठी नाईट मोडवर फार भिस्त ठेवू नका, रील्स पिवळ्या दिसल्या तरी जागवतातच. चार्जर हॉलमध्ये लावा, उठायला साधं गजराचं घड्याळ आणा.

हाताला मुंग्या किंवा बधीरपणा येत असेल तर मात्र बाम चोळत बसू नका, हाडांच्या डॉक्टरला दाखवा.