या चुका टाळा : बालवाडीतले विज्ञानाचे खेळ कुठे फसतात

तरंगण्या-बुडण्याचा खेळ बहुतेक बालवाड्यांत होतो आणि दोन मिनिटांत आटोपतो. ताई पाण्यात दगड टाकतात, पान टाकतात आणि सांगून मोकळ्या होतात, "जड वस्तू बुडते, हलकी तरंगते." हे चूक आहे, आणि मुलांच्या डोक्यातून ते लवकर जातही नाही. खरा घोळ वस्तूंच्या निवडीत असतो. दगड-पानाऐवजी अख्खा लाल भोपळा आणि चिंचोका घ्या. आधी प्रत्येकाला दोन्ही उचलून बघू द्या. "काय होईल?" एवढंच विचारा आणि गप्प राहा. "ताई, भोपळा बुडणार!" असं एकमुखाने येईल. येऊ द्या. भोपळा तरंगतो, चिंचोका सरळ तळाला जातो. यानंतर वर्गात जो गलका होतो, तो दाबू नका. घनता हा शब्द पाच वर्षांच्या मुलांसमोर काढायचं काही कारण नाही.

दुसऱ्या दिवशी संत्रं. सालासकट तरंगतं, सोललं की सहसा बुडतं. सालीत हवा अडकलेली असते. सोलायचं काम मुलांनाच द्या, नाहीतर ताईंनी काहीतरी हातचलाखी केली असं त्यांना वाटतं.

क्लेची होडी हमखास फसते. शाडू घेतलात तर पाणी गढूळ होऊन खेळच संपतो, म्हणून तेलकट क्ले घ्या. गोळा बुडतो, त्याचीच होडी तरंगते, हे दाखवायचं असतं. पण मुलांची पहिली होडी जाड बुडाची आणि बुटक्या कडांची होते आणि लगेच तळ गाठते. इथे ताईंचा हात शिवशिवतो. तो आवरा. तळ पातळ आणि कडा उंच करायला हव्यात, हे मुलं एकमेकांच्या होड्या बघून शोधतात, फक्त त्यांना तेवढा वेळ द्यावा लागतो.

एकाच वस्तूचे दोन निकाल आले की शिक्षक गोंधळतात. सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं बूच उताणं अलगद ठेवलं तर तरंगतं, कलंडून पाणी शिरलं की बुडतं. "नीट टाकलं नाहीस" म्हणून विषय मिटवू नका, पुन्हा पुन्हा टाकायला लावा.

बादलीत बुडालेलं दिसत नाही. पारदर्शक टब घ्या. एका टबाभोवती पाच-सहा मुलं पुरेत, मागची नुसती टाचा उंचावत राहतात. खेळ झाला की पाणी लगेच ओतून टाका.

फळीवरून गाडी सोडण्याच्या खेळात मुलं गाडी सोडत नाहीत, ढकलतात. मग कोणाची लांब गेली याला अर्थच उरत नाही. गाडीपुढे पट्टी आडवी धरा आणि पट्टी उचला. उतार फार तीव्र असेल तर गाडी जमिनीवर नाक आपटून उलटते. फळीखाली दोन-तीन पुस्तकं बस्स. गोणपाट अंथरून पाहायचं असेल तर त्या वेळी गाडी बदलू नका.

सावल्या अंधुक येतात? बऱ्याचदा दोष टॉर्चचा असतो. अनेक एलईडींच्या टॉर्चमुळे कडा पुसट होतात, मोबाइलच्या एका दिव्याची सावली रेखीव पडते. वर्ग पूर्ण काळोखा करू नका, लहानग्यांची रडारड सुरू होते. सगळ्यात छान सावली मैदानात मिळते, सकाळी आणि दुपारी खडूने आखून घ्या. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली क्षणभर दिसेनाशी होते तो दिवस, मात्र शाळेच्या नशिबी नाही : महाराष्ट्रात तो मे महिन्यात, ऐन सुट्टीत येतो आणि पुन्हा येतो तो जुलै-ऑगस्टच्या ढगांत!

चुंबकाच्या वेळी "धातूला चिकटतं" असं सांगू नका. तांब्याच्या भांड्याला, ॲल्युमिनियमच्या डब्याला ते चिकटत नाही, स्टीलच्या काही वाट्यांनाही नाही. आणि बारीक, शक्तिशाली चुंबक वर्गात आणूच नका. मुलाने दोन गिळले तर ते आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. जुन्या स्पीकरमधला मोठा चुंबक बरा, आणि तोही पिशवीत घालून : लोखंडाचा कीस पिशवीला चिकटतो, चुंबक बाहेर काढला की आपोआप गळून पडतो.