लिनक्सवर गेमचा आवाज गेला? आधी या चुका टाळा

गेम चालू होतो, चित्र झकास, एफपीएस पण मस्त, आणि आवाज मात्र शून्य. नाहीतर आवाज येतो पण फुटतो, नुसती कडकड. आणि मग पुढचं सगळं ठरलेलं असतं, कुठल्यातरी जुन्या पोस्टमधली कमांड उचलायची, टर्मिनलमध्ये पेस्ट करायची, एंटर मारायचा, नाही झालं की दुसरी, मग तिसरी, आणि आधी केलेलं काहीच परत उलटं करायचं नाही. ओळखीतल्या बऱ्याच जणांची मशीन मी बघून देतो. मूळ बिघाड बहुतेक वेळा छोटा असतो, वेळ जातो तो नंतर केलेले उद्योग निस्तरण्यात.

म्हणून सगळ्यात आधी एक गोष्ट समजून घ्या, आवाज गेममधून निघून स्पीकरपर्यंत कसा जातो. गेम स्वतः किंवा वाइन, प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारे प्रोग्रॅम), एसडीएल, ओपनएएल (गेम वापरतात त्या लायब्ररी) यांच्यापैकी कोणीतरी आवाज साउंड सर्व्हरकडे देतं. साउंड सर्व्हर म्हणजे पल्सऑडिओ किंवा आता पाइपवायर. तो सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र करून अल्साकडे देतो, अल्सा कर्नलमध्ये असतं, आणि ते साउंड कार्डशी बोलतं. बस, एवढंच. आता ब्राउझरमध्ये एखादा व्हिडिओ लावा. त्याचा आवाज येतोय? मग कार्ड ठीक, अल्सा ठीक, सर्व्हर ठीक. बिघाड गेम आणि सर्व्हर यांच्या मधेच कुठेतरी आहे आणि तुम्हाला ड्रायव्हरला हात लावायची काहीही गरज नाही. ही एक मिनिटाची तपासणी न करता लोक कर्नल बदलायला निघतात, याचा मला खरंच त्रास होतो.

चूक पहिली: पल्सऑडिओ काढून टाकणं

याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण हे मी सगळ्यात जास्त वेळा बघितलंय.

ऑफिसमधल्या एका मित्राचा मुलगा, इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला, लॅपटॉपवर उबुंटू २२.०४. एका गेमचा आवाज येत नव्हता, बाकी सगळ्याचा येत होता. त्याने काय केलं, तर कुठेतरी वाचलं की पल्सऑडिओ हेच सगळ्याचं मूळ आहे, आणि पर्ज मारून, म्हणजे पॅकेज मुळासकट काढून टाकलं. ते करताना उबुंटू-डेस्कटॉप नावाचं पॅकेज पण जाणार हे ॲप्ट (उबुंटूचा पॅकेज टाकणारा-काढणारा प्रोग्रॅम) स्क्रीनवर लिहून दाखवतं, पण वाय दाबायच्या घाईत ती यादी कोण वाचतं. त्यानंतर फायरफॉक्सचा पण आवाज गेला, कारण फायरफॉक्सने २०१७ मध्ये ५२ व्या आवृत्तीपासून थेट अल्साचा सपोर्ट काढून घेतलाय, त्याला पल्सऑडिओच लागतो. आता दोन प्रॉब्लेम झाले. मग त्याने होम फोल्डरमध्ये डॉट-एसाउंडआरसी ही अल्साची सेटिंगची फाइल बनवली, त्यात डिफॉल्ट म्हणून टाइप एचडब्ल्यू आणि कार्ड १.

या फाइलने काय होतं ते नीट बघा. टाइप एचडब्ल्यू म्हणजे प्रोग्रॅमने थेट हार्डवेअर पकडायचं. मधे मिक्सर नाही, म्हणजे बऱ्याच कार्डांवर एका वेळी एकच प्रोग्रॅम वाजणार, दुसऱ्याला डिव्हाइस बिझी. सँपल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) बदलून द्यायलाही मधे कोणी नाही, म्हणजे कार्डाला न चालणाऱ्या फॉरमॅटमध्ये गेमने आवाज मागितला तर गेमला सरळ एरर. आणि कार्ड १ हा नंबर काही कायमचा नसतो, एचडीएमआयचं वेगळं कार्ड असेल तर बूट होताना क्रम बदलू शकतो, आज १ नंबरला स्पीकर, उद्या १ नंबरला टीव्हीची केबल. नावाने लिहिलं असतं तर निदान हे तरी टळलं असतं.

मग घाबरून त्याने पल्सऑडिओ परत टाकला, पण ती फाइल तिथेच राहिली. आता अल्सा वापरणारे प्रोग्रॅम कार्ड पकडून बसायचे आणि पल्सऑडिओला कार्ड मिळायचं नाही, सेटिंगमध्ये डमी आउटपुट, म्हणजे खरं कार्ड मिळालं नाही की दिसणारं नावापुरतं डिव्हाइस, दिसायला लागलं. लॅपटॉप माझ्याकडे आला तेव्हा मुलगा म्हणतो, "काका, मी तर सगळं करून बघितलं." सगळं म्हणजे सगळंच करून ठेवलं होतं.

मी ती फाइल बाजूला हलवली, उबुंटू-डेस्कटॉप परत टाकलं, रिस्टार्ट केलं. ब्राउझर वाजला. मग गेम चालू केला आणि गेम चालू असतानाच पावूकंट्रोल (साउंड सर्व्हरचा व्हॉल्यूम कंट्रोल) उघडला, प्लेबॅकच्या टॅबमध्ये गेमचं नाव दिसत होतं आणि त्याच्या समोरचं म्यूटचं बटण दाबलेलं होतं. कधीतरी ऑनलाइन लेक्चर चालू असताना त्याने तो गेम म्यूट केला असणार. पल्सऑडिओ प्रत्येक प्रोग्रॅमचा व्हॉल्यूम आणि म्यूट लक्षात ठेवतो आणि ते होम फोल्डरमधल्या कॉन्फिगमध्ये साठवतो, त्यामुळे पर्ज करा, परत टाका, म्यूट जसंच्या तसं राहतं. एका क्लिकचं काम होतं आणि पोराचे दोन-तीन दिवस गेले.

तर माझी सवय अशी: गेमचा आवाज नाही की आधी पावूकंट्रोल, आणि तो सुद्धा गेम चालू ठेवून, कारण गेम बंद असताना प्लेबॅकच्या टॅबमध्ये त्याचं नावच येत नाही. तिथे तीन गोष्टी बघायच्या. गेमचं नाव दिसतंय का, म्यूट आहे का, आणि आवाज कुठल्या डिव्हाइसवर चाललाय. नाव दिसतंय आणि खालची पट्टी हलतेय म्हणजे गेम आवाज देतोय, तो फक्त चुकीच्या दाराने बाहेर पडतोय. नाव दिसतच नसेल तर गेम सर्व्हरपर्यंत पोचलेलाच नाही, मग लायब्ररी, वाइन वगैरे बघायचं. बऱ्याच केसेस इथेच संपतात.

एक गोष्ट मान्य करतो, "पल्सऑडिओ काढा" हा सल्ला एकेकाळी लोक उगाच देत नव्हते. उबुंटूने २००८ मध्ये ८.०४ आवृत्तीत पल्सऑडिओ आणला तेव्हा तो कच्चा होता आणि खूप लोकांना खरंच त्रास झाला. पण त्या वेळच्या पोस्ट आजही शोधल्यावर वर येतात आणि नवीन माणूस तारीख बघत नाही. कमांड चालवायच्या आधी पोस्टची तारीख बघा, एवढं तरी करा.

चूक दुसरी: आपल्याकडे कुठला सर्व्हर आहे हे न बघता फाइली बदलणं

फेडोरा २०२१ मध्ये ३४ व्या आवृत्तीत पाइपवायरवर गेलं, उबुंटू २२.१० ला, मिंट २२ ला म्हणजे २०२४ मध्ये. स्टीम डेकवर पण पाइपवायरच आहे. आणि तरी लोक ईटीसीमधल्या पल्स फोल्डरमध्ये जाऊन डेमन-डॉट-कॉन्फ या पल्सऑडिओच्या सेटिंगच्या फाइलमध्ये फ्रॅगमेंटचे (आवाजाच्या तुकड्यांचे) आकडे बदलत बसतात. पाइपवायर ती फाइल वाचतच नाही! तासभर आकडे बदलायचे, रिस्टार्ट करायचं, "थोडा फरक पडला वाटतं" म्हणायचं. काही फरक पडलेला नसतो.

टर्मिनलमध्ये पीएसीटीएल इन्फो चालवा आणि सर्व्हर नेमची ओळ वाचा. तिथे पल्सऑडिओ आणि पुढे कंसात ऑन पाइपवायर असं दिसलं तर तुमच्याकडे पाइपवायर आहे. पल्सऑडिओचं नाव दिसलं म्हणून फसू नका, पाइपवायर जुन्या प्रोग्रॅमांसाठी पल्सऑडिओचीच भाषा बोलतो म्हणून ते नाव तिथे असतं. सर्व्हर रिस्टार्ट करायचा तर सिस्टमसीटीएलला डॅश डॅश यूझर देऊन पाइपवायर, पाइपवायर-पल्स आणि वायरप्लंबर तिन्ही एकदम रिस्टार्ट करा. सुडो (म्हणजे रूट, सिस्टमच्या मालकाचे अधिकार) लावायचं नाही. हे तिन्ही तुमच्या यूझरचे असतात, सिस्टमचे नाहीत.

आणि गेम किंवा स्टीम सुडो लावून चालवू नका, कधीच. रूट यूझरला तुमच्या साउंड सर्व्हरपर्यंत पोचता येत नाही, वर फाइलींची मालकी रूटकडे जाते आणि पुढच्या वेळी साध्या यूझरने गेम सेव्हच होत नाही.

चूक तिसरी: कडकड येते म्हणून लेटन्सी कमी करणं

लेटन्सी म्हणजे आवाज गेममधून निघून कानापर्यंत यायला लागणारा उशीर. कडकडीवर तो कमी करणं उलटं आहे आणि तरी सगळे हेच करतात. "गेमिंगला लो लेटन्सी पाहिजे" हे वाक्य कुठेतरी वाचलेलं असतं, मग पाइपवायरचा क्वांटम, म्हणजे एका वेळी तयार होणाऱ्या आवाजाच्या तुकड्याचा आकार, ६४ वर आणून ठेवतात आणि मग म्हणतात पाइपवायर भिकार आहे.

गणित सोपं आहे. पाइपवायरचा नेहमीचा क्वांटम १०२४ सँपलचा, रेट ४८००० चा. म्हणजे साधारण २१ मिलिसेकंदांनी एकदा आवाजाचा पुढचा तुकडा तयार पाहिजे. ६४ केलात तर तोच तुकडा दर १.३ मिलिसेकंदाला तयार पाहिजे. गेम सगळे कोर खात असताना, मागे शेडर (ग्राफिक्स कार्डवर चित्र काढणारे छोटे प्रोग्रॅम) कंपाइल होत असताना, ही वेळ चुकणारच, आणि वेळ चुकली की ती कडकड ऐकू येते. ६० एफपीएसला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदाची असते, म्हणजे क्वांटम १०२४ चा ६४ करून जे २० मिलिसेकंद वाचतात ते जेमतेम एका फ्रेमइतके. रिदम गेम खेळणारे सोडले तर त्याने कोणाला काही फरक पडत नाही.

मी काय करतो, गेम खिडकीत चालवतो आणि शेजारी टर्मिनलमध्ये पीडब्ल्यू-टॉप (पाइपवायरचं काम थेट दाखवणारी कमांड) लावून ठेवतो. त्यात ईआरआर नावाचा कॉलम असतो. कडकड झाली की तो आकडा वाढतोय का बघायचं. वाढतोय तर बफर, म्हणजे तोच क्वांटमचा तुकडा, कमी पडतोय, सरळ मोठा करायचा. त्याच्या शेजारी क्वांटचा कॉलम पण बघा, कारण एकमेकांना जोडलेल्या प्रोग्रॅमांपैकी ज्याने सगळ्यात छोटा क्वांटम मागितला तोच सगळ्यांना लागू होतो. मागे एखादं म्युझिकचं सॉफ्टवेअर उघडं राहिलं असेल आणि त्याने १२८ मागितला असेल तर गेमलाही त्याच वेगाने पळावं लागतं. ते बंद करा, काम झालं.

बफर मोठा करायला स्टीमच्या गेमसाठी लाँच ऑप्शन्समध्ये पल्स, लेटन्सी, एमसेक हे तीन शब्द सगळे कॅपिटलमध्ये आणि मधे अंडरस्कोर, मग बरोबरची खूण आणि ६०, मग एक स्पेस, आणि शेवटी दोन टक्क्यांच्या खुणांमध्ये कमांड हा शब्द. ही शेवटची भानगड लोक गाळतात. ती नसली तर स्टीम तुमचं लिहिलेलं गेमलाच पुढे देऊन टाकतं, गेमला त्यातलं काही कळत नाही, आणि तुम्ही म्हणता उपाय चालला नाही. ६० ने नाही भागलं तर ९०. पण हे त्या एका गेमपुरतं ठेवा, सगळ्या सिस्टमला लावून ठेवायचं काही कारण नाही.

आणि नवीन गेम पहिल्यांदा चालवताना पहिली काही मिनिटं आवाज तुटला तर जरा थांबा. शेडर तयार होऊ द्या. दोन मिनिटं धीर नसतो आणि मग कॉन्फिग फाइलींची वाट लागते.

बाकीच्या, पटापट

आवाज एचडीएमआयकडे जातोय आणि तुमच्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. ग्राफिक्स कार्ड नवीन घातलं की हे हमखास होतं. पावूकंट्रोलमध्ये कॉन्फिगरेशनच्या टॅबवर जाऊन एचडीएमआयचं प्रोफाइल ऑफ करा.

अल्सामिक्सरमध्ये (टर्मिनलमधला अल्साचा व्हॉल्यूम प्रोग्रॅम) पट्टीखाली एमएम दिसलं तर ते चॅनेल म्यूट आहे, एम दाबा. आधी एफ६ दाबून बरोबर कार्ड निवडा.

जुना गेम ३२ बिटचा असतो आणि तुमच्याकडे फक्त ६४ बिटच्या लायब्ररी. उबुंटू, डेबियनवर अल्सा प्लगिनचं आय३८६ पॅकेज, आर्चवर लिब३२ ने सुरू होणारी पल्स आणि अल्सा प्लगिनची पॅकेज. बाकी सगळं वाजतं आणि जुने गेम तेवढे मुके, असं असेल तर आधी हेच बघा.

नवीन इंटेल लॅपटॉपवर पहिल्या दिवसापासून फक्त डमी आउटपुट दिसत असेल तर बऱ्याचदा साउंड ओपन फर्मवेअरचं पॅकेज नसतं. ते टाका, रीबूट करा. साउंड सर्व्हर परत परत टाकून काही होणार नाही.

थोडा वेळ शांतता राहिली आणि मग पहिला आवाज आला की टक्क होतं, हा पॉवर सेव्हिंगचा प्रकार. एसएनडी-एचडीए-इंटेल मॉड्यूलचं पॉवर सेव्ह ० करा. लॅपटॉपची बॅटरी थोडी जास्त जाते, ते चालत असेल तरच.

फ्लॅटपॅकमधून (बंदिस्त पॅकेजचा एक प्रकार) टाकलेल्या गेमला आवाजाची परवानगी आहे का ते फ्लॅटसील या परवानग्यांच्या प्रोग्रॅममध्ये बघा.

प्रोटॉनवर गेमचा सगळा आवाज आहे पण मधले व्हिडिओ मुके किंवा काळे, तर तो साउंडचा प्रॉब्लेम नाही, व्हिडिओच्या कोडेकचा (व्हिडिओ उलगडणाऱ्या भागाचा) आहे. प्रोटॉनची वेगळी आवृत्ती लावून बघा, माझं पहिलं पाऊल जीई-प्रोटॉन (प्रोटॉनची स्टीमबाहेर बनवलेली आवृत्ती) असतं.

आणि ब्लूटूथ हेडफोन. गेमचा व्हॉइस चॅट चालू झाला की संगीत एकदम जुन्या टेलिफोनसारखं होतं, सगळे विचारतात हेडफोन खराब झाला का. हेडफोनचा माइक उघडला की साध्या ब्लूटूथवर एटूडीपी (चांगल्या स्टीरिओ आवाजाचं प्रोफाइल) सोडून हेडसेट प्रोफाइलवर जावं लागतं, तिथे आवाज मोनो आणि रेट खूपच कमी. विंडोजवर पण तेच होतं. इनपुटला लॅपटॉपचा माइक निवडा, हेडफोनचं प्रोफाइल एटूडीपीवर ठेवा. चॅट करत खेळायचंच असेल तर मी तारेचा हेडसेट वापरायला सांगतो, स्वस्तातला असला तरी ब्लूटूथच्या माइकपेक्षा बरा चालतो.